‘म्हणे’ला कर्ता द्या : एका लेखनवर्गाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

यंदापासून ठरवलं आहे की वर्गाची नोंद त्याच दिवशी ठेवायची. गेल्या वर्षी सत्राअखेरीला काय जमलं, काय फसलं हे आठवायला बसले, तर फक्त चहाचे कप आठवले.

पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा पेपर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ च्या डिसेंबरात आणला. त्याच्या जोडीला आमच्याकडे लेखनाचा हा वेगळा वर्ग आहे, सोमवार-गुरुवार, साडेचार ते सहा. यंदा २२ जण आहेत. रसायनशास्त्र, होम सायन्स, सोशल वर्क, कॉमर्स, दोघं इतिहासाचे. घरी कुणी गुजराती बोलतं, कुणी हिंदी, चौघं मराठी, एक मल्याळी. प्रबंध सगळ्यांना इंग्रजीत लिहायचा आहे.

पहिल्याच दिवशी, मी खडू हातात घेण्याआधी प्रश्न आला, ‘मॅम, केटला टका चाले?’ म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी सॉफ्टवेअरमध्ये साम्य किती टक्के आलं तर चालतं. दरवर्षी पहिला प्रश्न हाच असतो. संशोधन कशावर करताय, हे नंतर.

म्हणून फळ्यावर यूजीसीचे २०१८चे नियम लिहूनच टाकले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० मध्ये गेलात तर वर्षभर पुन्हा देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. सगळ्यांनी मोबाइलने फोटो काढला. माझ्या उरलेल्या तासाचा कुणी काढला नाही.

११ जुलै, गुरुवार

‘तुमचा विषय अर्ध्या पानात लिहा, फोन बंद.’ वीस मिनिटांनी पाहिलं तर निम्म्यांची पानं जवळजवळ कोरी. बोलायला लावलं तर हीच मुलं पाच मिनिटं थांबत नाहीत. याचा अर्थ माल आहे, पण हात नेटवरून उचलायला सरावलाय. बाकी काही विशेष नाही. पंखा अजून दुरुस्त नाही.

१५ जुलै, सोमवार

प्रस्तावना. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तीन पायऱ्या शिकवल्या : आधी इलाखा दाखवायचा, मग त्यात मोकळी जागा कुठे आहे ते सांगायचं, मग त्या जागेवर आपण बसायचं. मी याला लोकलचा डबा म्हणते, पण बडोद्याच्या मुलांना लोकल कुठून कळणार? मग नवरात्रीत गरब्याच्या मैदानावर गोल कसे असतात ते घेतलं. कुठले गोल चालू आहेत ते बघ, कुठे शिरता येईल ते हेर, मग शिर. उगाच मधोमध उभं राहून टाळ्या पिटू नकोस. हे पटकन समजलं.

अडलं मधल्या पायरीवर. २२ पैकी १७ जणांच्या मसुद्यात एकच वाक्य : या विषयावर फारच थोडं संशोधन झालं आहे. मी म्हटलं, चला, शोधगंगा उघडा. (गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था चालवते ते प्रबंधांचं भांडार. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, पण मुलं तिथे पहिल्यांदा जातात ती प्रबंध जमा करायच्या वेळी.) होम सायन्सच्या मुलीला तिच्याच विषयावरचे तीन प्रबंध पंधरा मिनिटांत सापडले. चेहरा पडला. मी म्हटलं, अगं, ही आनंदाची गोष्ट आहे, आता तुला भांडायला माणसं मिळाली.

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

२५ जुलै, गुरुवार

आज हसावं की रडावं कळेना.

सोशल वर्कचा मुलगा बचत गटांवर काम करतोय. इंग्रजीत सेल्फ-हेल्प ग्रुप. त्याच्या दुसऱ्या मसुद्यात हा शब्द कुठेच नाही. त्याच्या जागी सगळीकडे ‘सेल्फ-असिस्टन्स गँग’. स्वमदत टोळी! ‘टोळीतील महिला दर महिन्याला रक्कम गोळा करतात.’ वाचून वाटावं वडसर-माणेजात खंडणी चालते.

विचारलं तर म्हणाला, आधी ३४ टक्के आले होते, मित्राने एक वेबसाइट सांगितली, तीत टाकलं की शब्द बदलून मिळतात. आता ८ टक्के. खुश होता.

हा एकट्याचा प्रकार नाही. फ्रान्समधले गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे शब्द छापील शोधनिबंधांतून वेचून काढले आणि त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’ असं नाव दिलं. ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बूझम पेरिल’, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. मी वर्गाला हे दोन दाखवले, मग नाव न सांगता टोळी दाखवली. टोळीवाला सगळ्यात मोठ्याने हसला आणि मग एकदम गप्प झाला.

त्याचा पहिला, ३४ टक्क्यांचा रिपोर्ट मागवून घेतला. रंगीत पानं (जुळलेला मजकूर सॉफ्टवेअर रंगवून दाखवतं) एकेक करून पाहिली. निम्मा रंग संदर्भसूचीचा, थोडा प्रश्नावलीचा, काही रंग ‘सेल्फ-हेल्प ग्रुप्स आर’ असल्या चारचार शब्दांचा. नियमातच म्हटलंय की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचं नाही, आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे. कुणी ही चाळणीच लावली नव्हती. ती लावली तर आकडा ११ वर आला. उरलेल्यात एक आख्खा परिच्छेद मात्र खरोखर उचललेला होता, नाबार्डच्या कार्यक्रमाच्या इतिहासाचा. १९९२ मध्ये तो कसा सुरू झाला वगैरे. म्हणजे दुखणं एका परिच्छेदाचं, आणि ऑपरेशन सगळ्या अंगाचं.

२८ जुलै, रविवार

नानांकडे गेले होते. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात खाली राहतात, बाबांचे मित्र, संस्कृत शिकवून निवृत्त. टोळीची गोष्ट सांगितली. हसून त्यांना ठसका लागला, काकूंना पाणी आणावं लागलं.

मग म्हणाले, ‘वाच बघू त्याचा तो उचललेला परिच्छेद. मराठीत सांग.’ मी सांगत गेले, दर वाक्याला ते विचारत गेले, ‘हे कोण म्हणतंय?’ तिसऱ्या वाक्याला मी म्हटलं, ‘नाना, त्यात ते दिलेलंच नाही.’

‘मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणे लाव आणि वाच.’

लावलं. बचत गटांमुळे बायकांची पत वाढली म्हणे. निर्णय घेण्यात त्यांचा वाटा वाढला म्हणे. ऐकताना एकदम कळलं की हा परिच्छेद म्हणजे ओट्यावरच्या गप्पा आहेत. एवढीशी दोन अक्षरं, पण वाक्य माझं नाही, दुसऱ्याचं आहे, आणि मी त्याची हमी घेत नाही, एवढं सगळं सांगून जातात. इंग्रजी प्रबंधात असं म्हणे लावता येत नाही. तिथे ते काम सायटेशनला करावं लागतं.

नानांनी मग कपाटातून बालकांड काढलं. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने केलेली वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, पहिला खंड १९६० चा, सातवा १९७५ चा. पान उघडून समोर ठेवलं. वर पाच-सहा श्लोक, आणि खाली बारीक टाइपात पान भरून पाठभेद. कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे, कुणात ओळच नाही, सगळं हिशेबाने. ‘बघ, वरचं एवढंसं बोलायला खाली एवढी साक्ष,’ म्हणाले. ‘आणि पुण्याच्या भांडारकरच्या महाभारतात तर जिथे पाठाची खात्री नाही, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. वाचणाऱ्याला सरळ सांगून टाकलंय की बाबा, इथे जपून.’

काकूंनी जाताना खमंग काकडी दिली डब्यात. तो डबा परत करायचा आहे (लिहून ठेवते, कारण मागचेही दोन आहेत).

२९ जुलै, सोमवार

‘म्हणे’चा प्रयोग. मराठी चौघांना लगेच कळला. गुजरातीवाल्यांनी ‘कहे छे’ घेतलं, पण ते तितकं छद्मी लागत नाही, असं त्यांचंच मत. जो तो आपला मसुदा घेऊन वाक्यामागे म्हणे लावत सुटला. जिथे म्हणे लागतं तिथे साक्ष हवी, जिथे लागत नाही ते तुमचं स्वतःचं. नागमोडी रेघही सुरू केली : ज्या वाक्याची खात्री नाही त्याखाली पेन्सिलने काढायची, खोडायचं नाही.

वर्ग रंगला. सहा वाजले तरी कुणी उठेना.

५ ऑगस्ट, सोमवार

फजिती. नवे मसुदे आले आणि पानापानावर ‘इट इज सेड दॅट’. ‘इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट’. ‘इट इज बिलीव्ह्ड’. मीच शिकवलेलं म्हणे इंग्रजीत जाऊन बसलं आहे!

संध्याकाळी नानांना सांगितलं तर म्हणाले, ‘अगं, म्हणे म्हणजे अंग काढून घेणं. तू त्यांना रोगाचं नाव शिकवलंस, औषध द्यायचं राहिलं. म्हणेला कर्ता दे.’

हे आठवडाभरापूर्वी सांगितलं असतं तर!

८ ऑगस्ट, गुरुवार

फळ्यावर मोठ्या अक्षरात : म्हणेला कर्ता द्या. कोण म्हणे? कधी म्हणे? कशावरून म्हणे? आणि तो नुसतं म्हणतो, की दाखवतो, सुचवतो, गृहीत धरतो, खोडून काढतो? या क्रियापदांवरच दीड तास गेला आणि तो सार्थकी लागला. रसायनवाल्या मुलीने विचारलं की ‘सजेस्ट’ आणि ‘शो’ यांत फरक काय, दोन्ही तर छान वाटतात. तिच्याच लेखातला आलेख काढला. तीन बिंदू, त्यातला एक रेषेपासून लांब. म्हटलं, यावरून शो म्हणशील? स्वतःच म्हणाली, नाही मॅम, सजेस्टही जरा जास्तच होतंय.

तपासण्याचं गणित मात्र बसत नाही. मसुद्याला वीस मिनिटं धरली तरी २२ मसुद्यांचे सात तास वीस मिनिटं, आणि माझी नेमणूक तासांवर आहे. तपासणीचे तास त्यात धरत नाहीत. आजपासून फक्त एक परिच्छेद तपासणार, तोही लिहिणाऱ्याने समोर बसून मोठ्याने वाचायचा. निम्म्या चुका वाचतानाच त्यांना अडखळवतात. माझं काम फक्त मान हलवायची.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीची सुट्टी. वर्ग नाही. मुलगा (तोच, टोळीवाला) मेसेज करतो की पायलटसाठी (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीसाठी) ६० फॉर्म भरून झाले, चार वस्त्यांत फिरला. हाताने भरलेले, शाईच्या पेनने, कारण बायकांना ‘पक्कं’ लिहिलेलं हवं होतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

नोंद राहून गेली. विश्वामित्रीला पूर.

सोमवारी जन्माष्टमी, तेव्हापासून पाऊस. २७ला नदी ३७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २५ची. दांडिया बाजार त्या मानाने वाचला, पण वीज नव्हती, दूध नव्हतं, आणि फोनवर नुसते मगरींचे व्हिडिओ. रस्त्यावर मगर, घराच्या छपरावर मगर. नदीत मगरी आहेत हे आम्हा बडोदेकरांना लहानपणापासून ठाऊक. पण त्या आपल्याकडे येतील हे कुणी धरलं नव्हतं.

वर्गातल्या सहा जणांच्या घरात पाणी. समा, फतेहगंज, अकोट्याकडे. माणसं सगळी ठीक.

मुलाचा आज फोन आला. तळमजल्यावर राहतो. पलंगाखालच्या पेटीत फॉर्म होते.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. अकरा जण आले. पेन दिलं, पेढे दिले. मग मुलाने पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

त्याच्या आईने फॉर्म दोरीवर चिमटे लावून वाळवले होते. चिमट्यांचे ठसे प्रत्येक पानाच्या डोक्यावर. कागद पापडासारखे तडतडीत आणि कडांना मातकट. शाई पसरून जांभळे डाग झालेले, काही ठिकाणी उत्तर मागच्या पानावर उलटं उमटलेलं. आम्ही सगळेच टेबलाभोवती उभे राहून वाचायला लागलो. इतिहासवाले दोघं एकदम तज्ज्ञ झाले, कागद खिडकीकडे धरून बघायला लागले. पहिल्यांदाच वाटलं की त्यांचा आणि सोशल वर्कचा काही संबंध आहे.

तासाभराने हिशेब लागला. पूर्ण वाचता येतात ४१. अर्धवट ८. बाकी ११ गेले.

मुलगा हळूच म्हणाला, ‘मॅम, मला साधारण लक्षात आहेत उत्तरं. ६० करून टाकू? माझे एक ओळखीचे सर म्हणाले, करून टाक, कोण बघतंय.’

मी काही बोलायच्या आत रसायनवाली म्हणाली, ‘म्हणेला कर्ता दे ना. कोण म्हणे? अकरा बायका म्हणे की तू म्हणे?’

मी पेढा खाल्ला.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपतीमुळे हजेरी सात. नानांकडे दीड दिवसांचा, कालच विसर्जन झालं. डबे परत केले, तिन्ही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

एका कॉमर्सच्या मसुद्याला अकरा संदर्भ, सगळे ठाकठीक, खंड, अंक, पृष्ठं. तीन डीओआय (लेखाचे ऑनलाइन ओळख-क्रमांक) टाकून पाहिले. एक भलत्याच विषयाच्या लेखावर गेला, दोन उघडलेच नाहीत. चॅटबॉटने दिलेत. साम्य शून्य टक्के, कारण जे जगात नाही त्याच्याशी काय जुळणार! मुलगी रडकुंडीला आली, तिला खरंच वाटलं होतं की यंत्र शोधून देतं. तिला ओरडले नाही. पण नियम केला : ज्याचं एक तरी पान तुम्ही स्वतः उघडलं नाही, ते सूचीत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

मुलाने पद्धतीचा भाग लिहून आणला. मोठ्याने वाचला. ४१ पूर्ण फॉर्म विश्लेषणात घेतले. ८ अर्धवट फॉर्ममधली फक्त वाचता येणारी उत्तरं वेगळ्या तक्त्यात दिली, प्रत्येक संशयित आकड्याखाली नागमोडी रेघ. ११ का नाहीत ते सांगितलं. मग स्वतःहून एक गोष्ट पुढे लिहिली, जी मला सुचली नव्हती : गेलेल्या ११ पैकी ९ एकाच वस्तीतल्या आहेत, ते फॉर्म पेटीत सगळ्यात खाली होते, म्हणून त्या वस्तीबद्दल हा पायलट काहीच सांगू शकत नाही. आणि ती वस्ती नदीला सगळ्यात जवळ, म्हणजे बचतीवर पुराचा परिणाम काय झाला हे जिला विचारायला हवं नेमकी तीच.

वर्गात कुणी बोललं नाही. मग होम सायन्सची मुलगी म्हणाली, ‘ही तर मोकळी जागा झाली.’ जुलैतली, प्रस्तावनेतली. मी विसरले होते, ती नव्हती विसरली.

इंग्रजी अजून कच्चं आहे. काळ गडबडतात, आर्टिकल कुठेही लागतात. ते मी बघीन.

७ ऑक्टोबर, सोमवार

नवरात्र. साडेपाचलाच वर्ग रिकामा. चणिया-चोळी पिशवीत घालूनच आल्या होत्या सगळ्या. मला काय, मीही लवकर निघाले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचा वर्ग, पुढच्या आठवड्यात दिवाळी. सगळ्यांचे रिपोर्ट काढले. आकडे वाचून दाखवले नाहीत. ज्याचे त्याने पडद्यावर पाहायचे, आणि रंग आहे तिथे का आहे ते सांगायचं. एक-दोघांना सांगता आलं नाही, त्यांना परत लिहायला दिलं आहे. कॉमर्सवालीचे संदर्भ आता सहाच आहेत, पण सहाही तिने उघडलेत.

मुलाचा पद्धतीचा भाग मुद्दाम १४ शब्दांची चाळणी न लावता टाकला. दोन पानं. जवळजवळ पांढरी. सगळ्या भागात एकच तुकडा पिवळा झाला होता, ११ फॉर्मच्या वाक्यात : ‘ड्यू टू अनफोरसीन सर्कमस्टन्सेस’.

त्याने स्वतःच लॅपटॉप ओढला. ते चार शब्द काढले, त्या जागी नदीचं नाव, तारीख आणि पेटी कुठे होती ते लिहिलं. मग मला विचारलं, ‘मॅम, पेटीला इंग्रजीत ट्रंक म्हणायचं की बॉक्स?’